अकरा वळणांची तयारी

येलहंका, ६ ऑगस्ट १९६१

शालन,

हे पत्र गाडीबद्दल आहे. दुसरं काही मनात आणू नकोस.

तुझं कार्ड तुझ्या आईला मिळालं. तिला वाचता येत नाही, म्हणून मला वाचावं लागलं. पाचवा लागला हे ऐकल्यावर ती चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. "आता पुढचं." पुढचं मी गिळणार होतो, पण ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. अण्णा स्वतः आमच्या दारात आले, घोटभर पाणी प्याले आणि दोघांनाही चला म्हणाले, तरच बाळंतपणाला येईन, असं तू लिहिलंयस. 'दोघांनाही' या शब्दाखाली दोन रेघा आहेत. एक असती तरी मला दिसली असती.

लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं. ही रीत मी मोडणारा नाही. तुला भाऊ नाही, तेव्हा मुराळी मीच. पण यायचं कसं? तूच लिहितेस की बस चिकमगळूरच्या पुढं घाटाच्या पायथ्याशी सोडते, तिथून तुमची नोकरी आहे त्या कॉफीच्या मळ्यापर्यंत साडेचार मैलांचा चढ, अकरा वळणं, आणि वर जाते ती फक्त मळ्याची लॉरी. मुराळ्यानं सासरच्या लॉरीत बसून यायचं का? आणि परत येताना सातव्या महिन्यातली बाई बसच्या मागच्या बाकावर हिंदकळत आणायची? आपली पिकअपच आणली पाहिजे.

आणि पिकअप तू पाहिलीस तशी राहिलेली नाही. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली, ती तेव्हाच म्हातारी होती. आता मंडपाचे बांबू आणि कनाती भरल्या की हेब्बाळच्या चढावर सायकलवाले तिच्या पुढं जातात. परवा एकानं जाताना घंटी वाजवली.

आठव्यात प्रवास करत नाहीत. म्हणजे दसऱ्याच्या आसपास निघायला हवं. मी येतो असं लिहीत नाही. गाडी चढण्यासारखी झाली तर येईन, असं लिहितो.

तुझी आई विचारते, एवढं काय लिहिताय. गाडीचं, म्हटलं. तर म्हणते, "मग पाचवा गाडीला लागलाय का?"

तिकडे जळवा फार, असं ऐकतो. पायाला तंबाखूच्या पाण्याचं फडकं बांधून मगच बाहेर पड.

अण्णा

येलहंका, २० ऑगस्ट

शालन,

प्लग काढले. सहाच्या सहा. माझ्या हातानं.

हे काम करणारं माणूस आपल्याकडे होतं तेव्हा मी बॉनेट उघडत नव्हतो. त्याबद्दल इतकंच.

जुन्या गावात चिंचेखाली शिवाप्पाचं गॅरेज आहे. त्याला म्हटलं, गाडीला जोर आणून दे. तो म्हणाला, "मी सांगतो, हात तुम्ही लावा अण्णा." का रे बाबा? "तुम्ही मेकॅनिकला मारता असं ऐकलंय." तो हसत होता. मी हसलो नाही.

त्याचं म्हणणं असं की, म्हाताऱ्या इंजिनाला नवीन काही बसवण्याआधी त्याचं जे आहे ते त्याला परत द्यावं. प्लग काजळीनं भरले होते, तारेच्या ब्रशानं आणि पेट्रोलनं घासले. टोकांची फट वाढली होती, हलकेच ठोकून कमी केली. मग प्लगांना वीज वाटणारं ते काळं भांडं असतं, त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. त्यातले पॉइंट जळले होते. ते बारीक कानशीनं साफ केले. त्यांचीही फट नेमकी लागते. शिवाप्पाची मापाची पट्टी हरवलेली. तो म्हणाला, टपालाचं कार्ड दुमडून घाला, स्वल्प इकडंतिकडं होईल, चालेल. घरात कार्ड एकच होतं. तुझं. मी पत्त्याच्या बाजूचा कोपरा कापला, मजकुराचा नाही.

चूक एक झाली. प्लगांच्या वायरी कोणती कुठली ते लिहून ठेवलं नव्हतं. लावल्या आणि स्टार्टर दाबला, तर मागून असा बार निघाला की स्टेशनातला हमाल डोक्यावरची पेटी टाकून पळाला. पुढच्या वेळी तुझ्या आईनं कुंकवाची कोयरी आणून ठेवली. पहिल्या वायरीला एक ठिपका, दुसरीला दोन, असे सहापर्यंत. आता बॉनेट उघडलं की हळदीकुंकवाला आल्यासारखं वाटतं.

नंदीच्या डोंगरावर नेऊन पाहिली. पूर्वी तिसऱ्या वळणावर दम तोडत होती, आता पाचव्यावर. आईला सांगितलं. ती म्हणाली, "लेकीकडं अकरा आहेत."

दूध पितेस ना? तिकडं गाय चांगली मिळते का म्हशीचंच दूध? म्हशीचं असेल तर पाणी घाल.

अण्णा

येलहंका, १० सप्टेंबर

शालन,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही कळत नाही. पावसात टपालवाला वर येत नसेल. की येतो?

इकडं काम चालू आहे. सायलेंसर काढून आपटला तर पाटीभर काजळी पडली. इतकी वर्षं गाडी नाक दाबून पळत होती म्हणायची. शिवाप्पानं एका मोडीत काढलेल्या लॉरीचा रुंद पाइप आणून दिला, तो बसवला. आवाज थोडा भरदार झाला आहे, शेजारी म्हणतात फार झाला आहे. हवेचा डबा उघडला. त्याच्या तळाला तेल असतं, धूळ त्यात बसते. त्या तेलाची खीर झाली होती. धुऊन नवीन तेल घातलं. रेडिएटरमध्ये धुण्याचा सोडा घालून पाणी उकळवलं आणि सोडून दिलं, तर चहाच्या रंगाचं पाणी आलं. मागची लोखंडी बाकं उतरवली. तेवढं वजन कमी. तू येशील तेव्हा गादी घालीन. म्हणजे गाडी चढली तर.

डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला की ठिणगी थोडी लवकर पडते, जोर वाढतो. मी दोन केस फिरवला. चढावर इंजिनातून कोणीतरी हातोडी मारतंय असा आवाज येऊ लागला. शिवाप्पानं लांबूनच ओरडून सांगितलं, "अण्णा, लोभ!" परत एक केस मागं आणला.

आता सातव्या वळणापर्यंत जाते. पुढं नाही. शिवाप्पाचं म्हणणं, गाळी जास्ती झाली आहे. कुठून ते मीच शोधायचं, तो सांगत नाही. ज्याला या गाडीची नस माहीत आहे, त्याला तू विचारून बघ. नाव मी लिहीत नाही.

नंदीला जाताना देवनहळ्ळीचं तळं लागतं. दोन वर्षं मी तो रस्ता टाळला, आता चार वेळा गेलो. दर वेळी तेच आठवतं. चाक चिखलात, गाडीत मंडप, पुढं लग्नघर खोळंबलेलं, आणि त्यानं टाकीचं बूच काढून सगळं पेट्रोल चिखलात सांडलं. वऱ्हाडानं उन्हात बसून लग्न लावलं. चाळीस वर्षांत माझा मंडप कधी चुकला नव्हता. आणि वर तोंड करून म्हणतो, तुम्हीच सांगितलंत. मी असं कधी सांगेन का? तू त्याच्या बाजूनं बोलायला लागलीस आणि शेवटी त्याच्याशीच लग्न करून गेलीस. मी ऐकून घेतलं नाही, हे मान्य. पण कोणी ऐकलं असतं?

जाऊ दे. गाडीचं तेवढं विचार.

अण्णा

येलहंका, १ ऑक्टोबर

शालन,

तुझं पत्र गुरुवारी आलं. तब्येत बरी आहे, बाळ फिरायला लागलं आहे, हे तीनदा वाचून दाखवलं. आज लिहितोय ते तुझ्या सहीच्या खालच्या दोन ओळींबद्दल. निळ्या पेन्सिलीच्या, दुसऱ्या हाताच्या. "गाळ जास्त झाला असेल, तर टाकीखालचं बूच सोडून गाळ काढून टाकावा. मगच चढावर न्यावी."

आधी मला हसू आलं. पत्र घेऊन शिवाप्पाकडे गेलो. म्हटलं, बघ, याला लोक मेकॅनिक म्हणतात. तू म्हणालास गाळी जास्ती, मी तसंच लिहिलं. म्हणजे हवा. कुठून तरी फालतू हवा आत शिरते आहे. आणि हा गाळ काढा म्हणतो!

शिवाप्पाला आपली मराठी येत नाही. गाळ म्हणजे काय, विचारलं त्यानं. मी सांगू लागलो, गाळ म्हणजे तळाला बसतो तो राडा, टाकीत बसतो, विहिरीत बसतो. आणि सांगता सांगता मला माझाच शब्द ऐकू आला.

आपल्या घरात सायकलमध्ये गाळी भरतात. खिडकी उघडली की गाळी येते. तुझी आजीही तसंच म्हणत होती. हा शब्द कानडी आहे, मराठी नाही, हे साठ वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. घरात बोलतो ते मराठी, असंच मी धरून चाललो.

त्या दिवशी मी स्टिअरिंगवर होतो. चाकातली थोडी हवा सोडली की टायर पसरतो, चिखलात पकड येते. मान बाहेर काढून मी ओरडलो, "गाळी सोड! अरे, स्वल्प गाळी सोड!" सातारा जिल्ह्यातून येऊन आठ महिने झालेलं माणूस. त्याच्या कानांत काय पडलं असेल? गाळ सोड. तो काही न विचारता चिखलात उताणा झोपला, गाडीखाली सरपटत गेला, आणि गाळ काढायला टाकीचं बूच सोडलं. बूच हातातून निसटलं, चिखलात गेलं, सापडेना. ते चिखल चाचपत होते आणि पेट्रोल त्यांच्या छातीवर पडत होतं. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. मुद्दाम सांडणारा माणूस बूच शोधत बसत नाही, एवढं मला कळायला हवं होतं.

"तुम्हीच सांगितलंत, मालक." तीनदा म्हणाले. मी खोटारडा म्हणालो. गाडी शोधत तळ्याशी आलेल्या चारचौघांसमोर, नवऱ्या मुलाच्या बापासमोर, थोबाडीत मारली. ते म्हणाले होते ते शब्द नि शब्द खरं होतं.

तुझ्या आईला सांगितलं. मला वाटलं ती चकित होईल. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "दोन वर्षं लागली," एवढंच म्हणाली.

त्यांना सांग की

नको. सांगू नकोस. टपालानं पाठवायची ही गोष्ट नाही. मारलं चारचौघांत आणि माफी पाकिटातून, असं चालत नाही. मी येऊन सांगेन. गाडीचं निमित्त आता करत नाही. पण ती चढली पाहिजे, हे खरंच आहे.

अण्णा

येलहंका, १२ ऑक्टोबर

शालन,

हवा सापडली. कार्बोरेटर इंजिनाला जिथं जोडतात, तिथलं पॅकिंग तडकलं होतं. इंजिन चालू ठेवून सांध्यावर तेलाचा थेंब सोडला, तर तो आत ओढला गेला. शिवाप्पानं टाळी वाजवली. जाड कागदाचं नवं पॅकिंग मी कात्रीनं कापलं, मंडपाची झालर चाळीस वर्षं कापतोय, ते सोपं गेलं. बोल्ट सारखे आवळले.

काल नंदीचा माथा गाठला. वर जाऊन गाडी उभी केली आणि मला काय करावं सुचेना. शेंगा घेतल्या, खाल्ल्या, खाली आलो.

म्हणजे आता कारण राहिलेलं नाही.

दसरा झाला की निघतो. तुमकूर, अर्सिकेरे, कडूर. मुक्काम कडूरला. रविवारी दुपारच्या आत पोचेन. तुझी आई सोबत येते म्हणत होती. नको म्हटलं. तिच्यासमोर मला बोलता येणार नाही.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. ते काय म्हणाले? म्हणजे तू सांगितलं नसशील, मीच सांगू नको लिहिलं होतं. पण पत्र त्यांनी वाचलं असेल. वाचलं का?

अण्णा

घाटात, नवव्या वळणावर, २२ ऑक्टोबर

शालन,

मी तुझ्या घरापासून दोन वळणांवर आहे. हे पत्र टपालात पडणार नाही. वर जाणारं कोणी भेटलं तर त्याच्या हाती देईन. बाजूला एक दगड आहे, त्याच्यावर पिशवी ठेवीन. तिच्यात तुझ्या आईनं दिलेली खणाची चोळी आहे, आणि डिंकाचे लाडू. ते आता खायचे नाहीत, बाळंत झाल्यावर.

गाडी थांबलेली नाही. हे आधी लिहितो, नाहीतर तुला वाटेल गाडीनं दगा दिला. आठ वळणं ती दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढली. पाणी तापलं नाही. मीच थांबलो. या वळणावरून कॉफीच्या झुडपांतून तुमच्या घराचं लाल छप्पर दिसतं. ओट्यावर कोणीतरी उभं होतं. बाई की पुरुष ते कळलं नाही, आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

काय बोलायचं ते कडूरहून पाठ करत आलो होतो. आता त्यातला पहिला शब्दही आठवत नाही. त्यांना हाक काय मारायची? दामोदर म्हणून मारायचा हक्क मी त्या तळ्याशी घालवला. जावईबापू म्हणायला तोंड नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं फार विचार करू नये, तो करत बसला की रस्त्यात थांबतो.

तासभर इंजिन बंद करून बसलो होतो. मग गाडी वळवायची ठरवली. तुला खोटं कशाला सांगू. सुरू केली, आणि आता ती खोकते आहे, धापा टाकते आहे, काळा धूर सोडते आहे. आठ वळणं चढलेली गाडी उभ्या जागी कशी बिघडली? बंद करायचा धीर होत नाही, परत सुरू झाली नाही तर मी ना वर ना खाली. म्हणून तशीच चालू ठेवून मांडीवर कागद घेऊन लिहितोय, म्हणून अक्षर थरथरतंय.

कोणीतरी उतरतं आहे. पायवाटेनं

त्याच दिवशी, दुपारी

पुढचं तुझ्याच ओट्यावर बसून लिहितोय. तू आत भाकरी थापते आहेस, मला आवाज येतो आहे. तोंडानं सांगितलं असतं, पण तू समोर आलीस की मी फक्त तुझ्या पोटाकडे बघतो आणि गाडीचं काहीतरी बोलतो.

तर ते उतरले. नमस्कार नाही, विचारपूस नाही. खिडकीतून हात आत घातला, डॅशबोर्डवरचा चोक आत ढकलला. दोन श्वासांत इंजिन शांत झालं.

"चोक ओढलेलाच राहिला होता, मामा," म्हणाले. "हवा अडली होती. धूर आमच्या ओट्यावरून दिसत होता."

मामा. आठ महिने मला मालक म्हणणारा माणूस. पाठ केलेलं सगळं त्या एका शब्दानं पुसलं. जे तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, "मी हवा म्हणालो होतो. त्या दिवशी. मला हवा म्हणायचं होतं."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणजे?"

"शालननं त्याच रात्री सांगितलं, आमच्यात गाळी म्हणजे हवा. तुम्हालाही सांगायला आली होती. तुम्ही दार लावून घेतलंत."

"मग ते पेन्सिलीनं लिहिलेलं? टाकीचं बूच सोडा म्हणून?"

ते जमिनीकडे बघायला लागले. हसू दाबत होते, बाई, मी नीट पाहिलं. "तिनं लिहायला सांगितलं. म्हणाली, अण्णांना सांगून कळत नाही. त्यांचं त्यांना सापडू दे."

मला राग यायला हवा होता. दोन वर्षं मी एका शब्दावर बसून होतो, आणि तुम्ही दोघं, आणि बहुतेक तुझी आईसुद्धा, मी उठायची वाट बघत होता. राग आला नाही. मी गाडीतून उतरलो आणि हात जोडले. त्यांनी ते धरून खाली केले. म्हटलं, दामोदरराव, मी मारलं ते सगळ्यांसमोर, इथं तर कोणीच नाही. "आहे की," म्हणाले, आणि वर बोट केलं. तू ओट्यावर उभी होतीस, कमरेवर हात ठेवून, अगदी तुझ्या आईसारखी.

शेवटची दोन वळणं मीच चालवली. त्याआधी त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि वायरींवरचे कुंकवाचे ठिपके एकापासून सहापर्यंत मोजले. मग म्हणाले, पॅकिंग सुरेख कापलंय. वाटेत विचारलं मी, दोघंही याल ना? बाळंतपणाची रजा मिळेल का? तर म्हणाले, साहेबाकडे अर्ज महिन्यापूर्वीच दिलाय.

पाणी प्यालो. तू तांब्या पुढं केलास आणि मी उभ्यानंच, दारातच, सगळा तांब्या संपवला. घोटभर म्हणाली होतीस.

आता काय लिहायचं राहिलं आहे ते बघतो. उद्या सकाळी निघू. उतरताना मी चालवणार नाही, उताराला मला भीती वाटते, हे कोणाला सांगायचं नाही. मागं गादी घातली आहे, पण तू पुढं बस, दोघांच्या मध्ये, मागं धक्के

"अण्णा, केव्हाचं काय लिहिताय? कुणाला?" तू आतून विचारते आहेस.

"तुला," म्हटलं.

"मी इथं आहे की! भाकरी गार होते. या, आणि काय ते बोला."

येतो.